मनाचीही तालीम हवी

गेल्या हिवाळ्यात एका शालेय मैदानी स्पर्धेत पाहिलेले दृश्य अजून दृष्टीसमोरून हलत नाही. आठशे मीटरच्या आरंभरेषेपाशी उभी असलेली, पाड्यावरून आलेली एक मुलगी बुटाची नाडी बांधी, सोडी आणि पुन्हा बांधी, आणि कुंपणापलीकडून तिचे सर ओरडत होते, "अगं, घाबरायचं काय त्यात? नुसतं पळायचं!" सरांच्या आस्थेविषयी मला तिळमात्र शंका नाही; परंतु भीती वाटली असता काय करावे, हे त्या मुलीला कोणी शिकविलेले दिसत नव्हते. दुसऱ्या फेरीत तिने शर्यत सोडली.

हे नाशिक जिल्ह्यात घडावे, याची खंत अधिक वाटते. पोलीस खात्यातील उच्चाधिकारपदावरून निवृत्त झालेले भीष्मराज बाम नाशिक शहरातच राहिले. पातंजल योगातील अभ्यास, वैराग्य आणि प्राणायाम यांची आधुनिक क्रीडामानसशास्त्राशी सांगड घालून अंजली भागवत, राहुल द्रविड यांच्यासारख्या खेळाडूंना त्यांनी मार्गदर्शन केले, आणि मे २०१७ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. त्यांची विद्या नामवंतांपर्यंत पोहोचली. ती पाड्यावरच्या मुलीपर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य होते, आणि ते आपण पार पाडलेले नाही.

या विद्येचे सिद्धान्त मुळीच दुर्बोध नाहीत. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे असा नियम रूढ झाला की, उत्तेजना एका मर्यादेपर्यंत कामगिरी उंचावते आणि मर्यादा ओलांडताच ती ढासळविते. म्हणून जी आरोळी एका धावपटूला चेतविते, तीच दुसऱ्याचे पाय जड करू शकते, आणि नेमबाजाचा तर हात थरथरविते. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी दाखविले की आत्मविश्वासाचा सर्वांत बळकट आधार म्हणजे स्वतः मिळविलेल्या लहान लहान यशांची अनुभूती. उपदेशाचे स्थान त्यानंतरचे. याच शास्त्रातील डेसी आणि रायन यांच्या मते माणसाची आंतरिक प्रेरणा स्वायत्तता, क्षमतेची जाणीव आणि आपलेपणा या तिहींवर पोसली जाते.

यावर कोणी म्हणेल की, हरसूल भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले, आणि चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, आई शुद्ध हरपून अंथरुणाला खिळलेली असताना, २०१६ साली रिओमध्ये नौकानयनात तेरावा आला. त्यांना कष्टांनीच घडविले, मग मानसशास्त्राची गरज काय? त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु जे शिखरावर पोहोचले त्यांचीच नावे आपल्या दप्तरी नोंदली जातात. मनाने खचून जी मुले वाटेतच थांबली, त्यांचा जमाखर्च कोणी मांडत नाही. हालअपेष्टांना प्रशिक्षण समजणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, जिल्हा क्रीडा कार्यालयाने मानसिक प्रशिक्षणाची स्वतंत्र तजवीज करावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहुणा बोलावून व्याख्यान ठेवल्याने काही साधत नाही; स्नायूंप्रमाणे मनही रोजच्या सरावानेच तयार होते. प्रत्येक मैदानावरच्या मार्गदर्शकाला या शास्त्राचे प्राथमिक शिक्षण मिळावे, त्याने सरावातील दहा मिनिटे श्वासावरील ताबा आणि शर्यत मनात धावून पाहणे यांसाठी राखून ठेवावीत, प्रत्येक मुलाला स्वतःचे आठवड्याचे उद्दिष्ट स्वतःच ठरवून वहीत लिहू द्यावे, आणि पराभूत मुलाला वेळ किती लागला हे विचारण्यापूर्वी शर्यतीत कसे वाटले ते विचारावे. याला ना मोठी इमारत लागते, ना मोठी आर्थिक तरतूद.

तसे झाले असते, तर त्या मुलीने नाडी एकदाच घट्ट बांधली असती, तीन दीर्घ श्वास घेतले असते, आणि दोन फेऱ्यांची धास्ती न बाळगता समोरच्या पहिल्या वळणावर नजर ठेवली असती. ती जिंकली असती की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण शर्यत तिने पुरी केली असती, आणि पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा त्या रेषेवर येऊन उभी राहिली असती.