सतरा सप्टेंबरचे अपुरे भाषण

मराठवाडा मुक्ती दिन जवळ आला की आपल्या गोरेगावात मुलांकडून भाषण पाठ करून घेतले जाते. भाषण ठरलेलेच! जुलमी निजाम, क्रूर रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, सरदार पटेल आणि टाळ्या. यात खोटे काही नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी भोगले आहे. पण बंधू-भगिनींनो, तेथेच थांबायचे काय?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल पथकाने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारचा नांदेडही होता. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला.

आता आपल्या घरचे पान उघडू. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते, बी. श्यामसुंदर तर १९४८ साली निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेले. पाणवठ्यावरून हुसकावलेल्या समाजाला सवर्णांच्या काँग्रेसचा भरवसा वाटला नाही, हे समजू शकते. मात्र बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच निवेदन काढून अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये असे बजावले होते. या दोन्ही गोष्टी मुलांना कळल्या पाहिजेत. आपल्याला अडचणीचे ते गाळावयाचे, तर दुसऱ्यांच्या गाळण्याला नावे कोणत्या तोंडाने ठेवणार? आणि मुक्तीनंतर तीस वर्षांनी, २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव होताच याच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, तेव्हा रझाकार कोठे होते?

अमेरिकेतही हेच भांडण आहे. गुलामगिरी शाळेत किती सांगावी यावर तेथे अजून वाद पेटतात. कार्टर वूडसन या काळ्या इतिहासकाराने १९२६ साली आपल्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, तो पाठ्यपुस्तके गप्प होती म्हणूनच. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली सहावीच्या पुस्तकातील जातिव्यवस्थेचे वर्णन सौम्य करावे म्हणून काही हिंदू संघटनांनी खटपट केली. जात सातासमुद्रापार गेली, तशी ती झाकण्याची सवयही गेली!

ज्यांच्या घरी १९४८ पाहिलेले कोणी हयात असेल त्यांनी त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. मुसलमान मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांकडेही जावे. यंदा भाषण त्या वहीतून लिहावे आणि गुरुजींना आधी दाखवावे.