नंबर जातो, डोळा तोच राहतो

तुळशीचे लग्न लागले की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. उपवर मुली आणि त्यांचे वडील. मुलगी गप्प बसते, बोलतात ते वडीलच. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ आले. "डॉक्टरसाहेब, पंधरा दिवसांत पाहुणे बघायला येणार आहेत. तेवढ्यात हिचा चष्मा लेझरनं घालवायचाय. खर्चाची काळजी करू नका."

मुलगी २० वर्षांची. नंबर उणे साडेपाच. सहा महिन्यांपूर्वी तो पाच होता. सिलिंडरचा नंबरही वाढत चाललेला. आणि समोर बसल्या बसल्या ती सारखे डोळे चोळत होती. मी तिला विचारले, "तुला चष्म्याचा त्रास होतो का गं?" ती हळूच म्हणाली, "मला नाही होत, पाहुण्यांना होतो."

लेझर करणारे यंत्र माझ्याकडे नाही. मी वडिलांना म्हणालो, "आधी शहरात जाऊन हिच्या कॉर्नियाचा नकाशा काढून आणा. मग बघू." त्यांना ते रुचले नाही. दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती, अशी जाहिरात त्यांनी वाचली होती.

वाचकहो, जाहिरातीत सांगतात ते खोटे नसते, पण ते अर्धेच असते. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन. लॅसिकमध्ये त्यातली १०० ते १२० मायक्रॉनची पातळ चकती वरून उचलतात, खालचा भाग एक्सायमर लेझरने हवा तितका झिजवतात आणि चकती पुन्हा जागेवर बसवतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात. खाली निदान २५० मायक्रॉन शाबूत राहायला हवेत. पुष्कळ सर्जन ३०० चा आग्रह धरतात. गेलेला भाग पुन्हा भरून येत नाही. पडदा मुळातच कमजोर असेल, तर लेझरनंतर तो डोळ्यातल्या दाबाने हळूहळू पुढे फुगतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही.

मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. योग्य डोळ्यावर केली तर ती उत्तम आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण त्याच अभ्यासात, आधी कसलाही दृष्टित्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलये, चकाकी किंवा दुहेरी दिसणे, यांपैकी निदान एक त्रास जाणवत होता. डोळे कोरडे नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा सुरू झाला होता. या दृष्टित्रासामुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते, हेही सांगितले पाहिजे. परंतु रात्री टेम्पो चालवून पोट भरणाऱ्याने ही वलये आधीच विचारात घेतलेली बरी.

आता जी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही ती सांगतो. लेझरने चष्म्याचा नंबर जातो, डोळ्याची प्रकृती बदलत नाही. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबीने मोठा असतो, तो तसाच राहतो. मागचा पातळ झालेला दृष्टिपटल पातळच राहतो आणि तो फाटण्याचा धोकाही टळत नाही. म्हणून नंबर गेला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी हवीच. चाळिशी आली की वाचायचा चष्मा लागतो. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब मोजताना तो असतो त्यापेक्षा कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो.

मध्यंतरी ५४ वर्षांचे एक शिक्षक मोतीबिंदूसाठी आले. वीस वर्षांपूर्वी लेझर केलेले, पण कागद एकही नाही. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा हिशेब कॉर्नियाच्या वक्रतेवरून होतो आणि लेझरने ती वक्रताच बदललेली असते. जुन्या मापांशिवाय हिशेब करण्याची सूत्रे आता आहेत, तरी चूक होण्याची शक्यता वाढतेच. मास्तरांना मी ते आधीच सांगितले. शेवटी थोडा अधिक नंबर आला. "एकदा चष्मा घालवला होता सर, पुन्हा आला," असे म्हणून ते हसले, पण मला काही हसू आले नाही.

माझे मत स्पष्ट आहे. लग्नाच्या तारखेवरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये. वय १८ च्या पुढे हवे, नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना लेझर करू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवून मगच मापे घ्यावीत. जो डॉक्टर तपासून "तुमच्या डोळ्याला हे जमणार नाही" म्हणतो, त्याच्यावर रागावू नका. आणि शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची जाडी, वक्रतेचा नकाशा यांच्या प्रती मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

त्या मुलीचे काय झाले? महिनाभराने वडील नकाशा घेऊन आले. कॉर्निया शंकूसारखा होऊ लागला होता, म्हणजे केराटोकोनसची सुरुवात. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून तिचा पडदा बळकट करून घेतला. त्याने नंबर जात नाही, पण आजार सहसा पुढे सरकत नाही. ती अजून चष्मा लावते. दर सहा महिन्यांनी वडीलच तिला घेऊन येतात. तिचे सगळे कागद त्यांनी घरी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले आहेत. तुम्हीही तुमचे तिथेच ठेवा.