कळफलक बदलावा काय?

संगणक आतां भिंतीवरील घड्याळाइतकाच घरोघर झाला आहे, आणि त्याच्याबरोबर एक नवाच वाद कुटुंबांत शिरला आहे. कॉलेजांत जाणारा नातू म्हणतो कीं, ज्या कळफलकावर सारें जग बोटें चालवीत आहे तो मुळांतच सदोष आहे. शास्त्रशुद्ध मांडणी उपलब्ध असतां जुनीला चिकटून राहणें हें केवळ अज्ञान होय. घरांतील कर्ते गृहस्थ म्हणतात कीं, हाताला बसलेलें वळण मोडून मिळवायचें तें काय? दोन्ही पक्षांत कांहीं तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटत नाहीं. अशा ठिकाणीं हट्टापेक्षां हिशेब बरा. यास्तव या महिन्यांत आम्हीं हाच विषय विचारास घेतला आहे.

प्रथम प्रचलित इंग्रजी कळफलकाची कुळकथा पाहूं. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं ख्रिस्तोफर लेथम शोल्स नांवाचे एक वृत्तपत्रव्यवसायी गृहस्थ होते. त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह १८६८ सालीं टंकलेखनयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें बंदुका व शिवणयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनें तें यंत्र हातीं घेऊन १८७४ सालीं बाजारांत आणिलें. वरच्या ओळींतील पहिल्या सहा अक्षरांवरून त्याच्या मांडणीस ‘क्वर्टी’ म्हणतात. यंत्रांतील दांडे एकमेकांत अडकूं नयेत म्हणून जोडीनें येणारीं अक्षरें दूर दूर ठेविलीं, असें सर्वत्र सांगण्यांत येतें. परंतु इंग्रजींत पदोपदीं येणारी ‘ई’ व ‘आर्’ ही जोडी तर शेजारीं शेजारींच बसविलेली आहे! तेव्हां ही कथा सर्वस्वीं पटण्यासारखी नाहीं, आणि अभ्यासकांतही तिजविषयीं मतभेद आहे. एवढें मात्र खरें कीं, ही मांडणी ठरली त्या वेळीं कळांकडे न पाहतां दहाही बोटांनीं लिहिण्याची कला प्रचारांत यावयाची होती.

ही उणीव हेरून सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक ऑगस्ट ड्वोराक व त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांनीं नवी मांडणी सिद्ध केली व १९३६ सालीं तिचें पेटंट मिळविलें. तींत इंग्रजीचे पांचही स्वर मधल्या ओळींत डाव्या हाताखालीं, आणि वारंवार लागणारीं पांच व्यंजनें त्याच ओळींत उजव्या हाताखालीं आहेत. इंग्रजी मजकुरांतील शेंकडा सुमारें ७० अक्षरें तींत बोटें जागचीं न हलवितां उमटतात. क्वर्टींत हें प्रमाण शेंकडा ३२ च्या आसपास पडतें. कागदावर पाहतां नातवाचा पक्ष येथें बळकट दिसतो.

पण कागद निराळा आणि हात निराळा. १९४४ सालीं अमेरिकन आरमारानें केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष ड्वोराकच्या बाजूचा निघाला. मात्र स्वतः ड्वोराक त्या वेळीं आरमारांतच अधिकारी होते, आणि प्रयोगाच्या पद्धतीवर पुढें बरेच आक्षेप आले. १९५६ सालीं अर्ल स्ट्राँग यांनीं अमेरिकन सरकारसाठीं पुन्हां परीक्षा घेतली. रोज चार तास सराव करूनही आपला जुना वेग परत मिळविण्यास त्या टंकलेखकांना २५ हून अधिक दिवस लागले. आणि त्यानंतर तितकाच सराव जुन्या मांडणीवर करणारे लोक त्यांच्या मागें राहिले नाहींत. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञांनीं १९८५ सालीं क्वर्टीचें उदाहरण घेऊन असें प्रतिपादिलें कीं, जो प्रथम आला तोच रूढ होतो, मग तो उत्तम असो वा नसो. त्यास लीबोविट्झ व मार्गोलिस या दोघांनीं १९९० सालीं उत्तर दिलें कीं, ड्वोराकचें श्रेष्ठत्व सिद्धच झालेलें नाहीं. हा वाद पंडितांचा. आपण आपलें त्रैराशिक मांडावें.

नवें वळण बसण्यास १०० तास, म्हणजे ६,००० मिनिटें लागतात असें धरूं. आणि उदारपणानें असेंही धरूं कीं, त्यानंतर लेखनाचा वेळ दशांशानें वांचतो. रोज अर्धा तास टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांचीं त्यामुळें दिवसास तीन मिनिटें वांचतील. घातलेले श्रम फिटण्यास २,००० दिवस, म्हणजे साडेपांच वर्षें लागतील. रोज सहा तास लिहिणाऱ्याचीं ३६ मिनिटें वांचतील, व त्याचें देणें साधारण साडेपांच महिन्यांत फिटेल. पण तो दशांशाचा लाभ आपण मानून घेतलेला आहे, पदरीं पडलेला नव्हे, हें विसरूं नये. शिवाय पत्र किंवा निबंध लिहितांना बहुतेकांचा वेळ बोटांपेक्षां विचारांतच अधिक जातो; तो कोणताही कळफलक वांचवीत नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण असते. एकाच संगणकावर पांच जणांचे हात फिरतात. नातवानें मांडणी बदलून ठेविली आणि त्याचे काका घाईनें कचेरीचें पत्र लिहावयास बसले, म्हणजे कळेवर एक अक्षर व पडद्यावर दुसरें! पूर्ववत् मांडणी एका क्षणांत आणितां येते, पण ती आणून ठेवण्याची शिस्त हवी. मनगट वा बोटें दुखतात म्हणून जे बदल इच्छितात, त्यांनीं प्रथम खुर्ची-मेजाची उंची, मधून मधून विश्रांति, आणि जरूर तर वैद्यकीय सल्ला, हें पाहावें. अक्षरांची जागा हा त्यानंतरचा विचार.

येथवरचा विचार इंग्रजीपुरता झाला. मराठीची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे. मराठी लिहिण्याच्या तीन रीती आज रूढ आहेत: जुन्या टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणी, रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची रीत, आणि इन्स्क्रिप्ट. हा इन्स्क्रिप्ट कळफलक भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविला, आणि १९९१ सालीं त्यास भारतीय मानकांत स्थान मिळालें. ज्यानें वर्णमाला अर्थासह शिकली आहे त्याला याची रचना पाहून आनंदच होईल.

डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें. मधल्या ओळीवर क, च, ट, त, प हीं वर्गांचीं पहिलीं अक्षरें. त्यांच्याच वर ग, ज, ड, द, ब हीं तिसरीं. शिफ्टची कळ दाबून तीच बोटें चालविलीं असतां अल्पप्राणाचा महाप्राण होतो: क चा ख, ग चा घ, त चा थ. स्वरांतही हाच न्याय. मधल्या ओळीवर ह्रस्व इकार-उकार, वर त्यांचे दीर्घ. मधल्या ओळीवर एकार-ओकार, वर ऐकार-औकार. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर गुण खालीं आणि वृद्धि वर! ज्या कळेनें हलन्त होतो, म्हणजे अकाराचा लोप होतो, तीच कळ शिफ्टसह दाबली असतां अ उमटतो. आणखी मौज अशी कीं, क ची हीच कळ कन्नड, गुजराती, तेलुगु लिप्यांतही त्या त्या लिपीचा क देते. बेळगांव-धारवाडकडील कुटुंबांत, जेथें दोन्ही लिप्या नांदतात, ही सोय लहान नव्हे.

रोमन रीत सोपी वाटते, कारण ती शिकावी लागत नाहीं. पण ‘के-ए-एल्’ एवढीं तीन अक्षरें दाबलीं असतां काल, काळ, कळ कीं कल, हें यंत्र अदमासानें ठरवितें. ण आणि न, ळ आणि ल, ह्रस्व आणि दीर्घ यांचा विवेक लिहिणाऱ्याच्या मनांतून यंत्राकडे जातो. प्रौढांस त्यानें फारसा अपाय नाहीं. त्यांचें अक्षरज्ञान पक्कें झालेलें असतें. मुलांच्या बाबतींत मात्र आम्हांस ही रीत चिंतेची वाटते. इन्स्क्रिप्टमध्यें ‘धर्म’ लिहितांना ध, र, हलन्त, म असेंच, उच्चाराच्या क्रमानें जावें लागतें. लिहितां लिहितां संयुक्ताक्षराची फोड शिकून होते. रेमिंग्टनमध्यें मात्र रफार शेवटीं आणि ह्रस्व इकार व्यंजनाच्या आधीं द्यावा लागतो, कारण तेथें वर्ण नसून अक्षरांचे आकार मांडलेले आहेत.

मग रेमिंग्टनवर हात बसलेल्यांनीं काय करावें? आमच्या परिचयांतील एका भगिनीनें यजमानांच्या पश्चात् हस्तलिखितें टंकित करून दोन मुलांचें शिक्षण चालविलें आहे. मोबदला पानागणिक. थोरल्या चिरंजीवाचा आग्रह कीं, आईनें जुनी रीत सोडून इन्स्क्रिप्ट शिकावें. त्या माउलीनें आम्हांस विचारिलें, “गुरुजी, मुलगा म्हणतो तें बरोबर असेल, पण हात अडखळेल त्या दोन महिन्यांत मीं घरांत काय शिजवावें?” या प्रश्नापुढें शास्त्रशुद्धतेचीं सारीं प्रमाणें फिकीं पडतात. तिचा हात मिनिटास ४० शब्द न पाहतां लिहितो. आजच्या संगणकावर ती मांडणी वापरण्याची सोयही आहे. आम्हीं सांगितलें, “ताई, तुम्हीं बदलूं नये. कळफलक कामासाठीं आहे, काम कळफलकासाठीं नाहीं. पण धाकट्या मुलीनें अद्याप कांहींच शिकलें नाहीं, तिला मात्र इन्स्क्रिप्टच शिकवा.” चिरंजीवासही आम्हीं बजाविलें कीं, आईच्या ज्या विद्येवर तुझें शिक्षण झालें तिला जुनाट म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें.

सारांश असा: इंग्रजीसाठीं ज्याचा हात क्वर्टीवर बसला आहे त्यानें हौस असल्याखेरीज बदलण्याचें कारण नाहीं, हौस असेल तर ती परीक्षेच्या वा नोकरीच्या ऐन दिवसांत करूं नये. मराठींत रेमिंग्टनवर पोट असणाऱ्यांनीं निर्धास्त राहावें. परंतु जे रोमन अक्षरांतून बरेंच मराठी लिहितात, त्यांनीं रोज पाव तास काढून इन्स्क्रिप्ट अवश्य शिकावें; आणि ज्या मुलांचीं बोटें अद्याप कोरीं आहेत, त्यांना प्रथमपासून तेंच द्यावें. त्यांना कांहीं मोडावयाचें नाहीं, म्हणून त्यांच्या बाबतींत हिशेबाची वजाबाजू जवळजवळ रिकामीच आहे. आजोबांना वर्णमाला येते व नातवंडांना संगणक येतो. दोघांनीं सायंकाळीं पाव तास शेजारीं बसावें, म्हणजे शिकवणीचा खर्चही पडणार नाहीं.