उंचीवांचून मोजणी

धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे नदीकांठच्या गांवांत दवंडी फिरते कीं, अमुक इतके क्युसेक पाणी नदींत सोडण्यांत येत आहे, तरी कांठच्या लोकांनीं सावध असावें. पूर्वीं ती हलगीवर फिरे, आतां ती मोबाईलवर येते, इतकाच काय तो फरक. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना अशा कित्येक सूचना स्वतःच्या हातानें लिहून धाडिल्या आहेत. आणि सेवानिवृत्त झाल्यावर आतां त्याच सूचना शेतकरी या नात्यानें आमच्या वांट्यास येतात. तेव्हां कबूल करणें प्राप्त आहे कीं, लिहितांना त्यांचा अर्थ आम्हांस कळत नव्हता व वाचतांनाही कळत नाहीं. एक लाख क्युसेक म्हणजे पाणी आमच्या विहिरीपर्यंत येणार कीं बांधावरच थांबणार ? मोटार काढावी कीं राहूं द्यावी ? सोयाबीनची गंजी रानांतच झांकून ठेवावी कीं रातोरात ट्रॅक्टर बोलवावा ? शेतकऱ्यास जें पाहिजे तें या सूचनेंत नसतें.

हा प्रश्न नुसता कागदी नव्हे. 2025 च्या ऑगस्टांत, 17 व 18 तारखांच्या दरम्यानच्या रात्रीं, मुखेड तालुक्यांत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. लेंडी धरणाच्या बुडीत क्षेत्रांतील रावणगांव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गांवांत लोक झोपेंत असतांना पाणी शिरलें, आणि हसनाळांत माणसें बुडून मेलीं. धरणाची घळभरणी त्याच वर्षीं झालेली होती व गांवें अद्याप पुरतीं उठलेलीं नव्हतीं. पुढें सप्टेंबरच्या अखेरीस पैठणच्या जायकवाडी धरणांतून तीन लाखांहून अधिक क्युसेक पाणी गोदावरींत सोडावें लागलें. लातूरची गोष्ट तर अधिकच विचित्र. ज्या मांजरेचें धरण कोरडें पडल्यामुळें 2016 च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच धरणाचे दरवाजे सप्टेंबर 2021 मध्यें उघडावे लागून कांठचीं उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं.

आमच्या दप्तरांत जमिनीचें काय काय नाहीं ? सातबारावर क्षेत्र आहे, आकार आहे, पोटखराबा आहे, विहीर आहे, कर्जाचा बोजा आहे. जुनें सेतवार व खासरापत्रक काढून पाहिलें तर जुन्या खातेदारांचीं नांवें व जमिनीची प्रत सांपडते. गांवनकाशावर सांखळीनें मोजलेल्या हद्दी आहेत. परंतु यांपैकीं एकाही कागदावर उंची नाहीं. कोणता गट शेजारच्या गटापेक्षां किती फूट सखल, हें दप्तरास ठाऊक नाहीं. सारा बसविणारास त्याची गरज नव्हती. पाण्यास मात्र दुसऱ्या कशाशींच कर्तव्य नाहीं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवर उंचीच्या रेषा आहेत खऱ्या, पण त्या दहा किंवा वीस मीटरांच्या अंतरानें काढलेल्या. धर्माबाद, उमरी, बिलोलीकडील सपाट काळ्या रानांत अशा दोन रेषांमध्यें गांवेंच्या गांवें सामावतात. फेब्रुवारी 2000 मध्यें अमेरिकेच्या अवकाशयानानें रडारनें पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली व पुढें ती सर्वांस फुकट मिळूं लागली; पण तिच्यांत कित्येक मीटरांची चूक संभवते, आणि दाट झाडी असेल तेथें ती जमिनीऐवजीं शेंड्यांकडचीच उंची सांगते. अशा मापावर पूर बेतणें म्हणजे पायलीनें केशर मोजण्यासारखें आहे.

यावर जो उपाय निघाला आहे तो विमानांतून लेसर किरणांनीं जमीन मोजण्याचा. आमचें शिक्षण मराठी शाळेच्या मधल्या इयत्तांपुरतें, त्यामुळें त्यांतील गणित आम्हांस झेपणारें नाहीं. तथापि रीत समजण्यासारखी आहे. विमानाच्या पोटाशीं एक यंत्र बसवितात. तें दर सेकंदास लाखों वेळां लेसरचा किरण खालीं टाकतें. किरण जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजला म्हणजे अंतर निघतें. विमान त्या क्षणीं कोठें होतें व कोणत्या अंगास कललें होतें हें उपग्रहांच्या व कल मोजणाऱ्या यंत्राच्या साह्यानें कळतें. आणि या सर्वांवरून जमिनीवरील प्रत्येक ठिपक्याची उंची ठरते. झाडावर पडलेल्या एकाच किरणाचा कांहीं भाग शेंड्यावरून परततो, कांहीं फांद्यांवरून, आणि कांहीं पानांच्या फटींतून खालीं पोंचून जमिनीवरून परततो. हा सर्वांत शेवटीं परतणारा भाग निवडून घेतला म्हणजे झाडी बाजूस सारून उघडी जमीन हातीं येते. चांगल्या कामांत उंचीची चूक दहा-पंधरा सेंटिमीटरांची, म्हणजे वीतभराच्या आंतच राहते.

उंची हातीं आल्यावर पुढचें काम हिशेबाचें. इतकें पाणी वरून आलें तर तें कोणत्या ओढ्यांतून मागें शिरेल, कोणत्या बांधावरून पलीकडे जाईल, किती तासांनीं गांवकुसास लागेल, हें आधींच मांडून ठेवतां येतें. एक लाख क्युसेकचा एक नकाशा, दोन लाखांचा दुसरा, तीन लाखांचा तिसरा. आमच्या भागांत याची गरज विशेष आहे, कारण येथील पूर सरळ वाहून जाणारा नव्हे. धर्माबादेच्या खालीं तेलंगणांत पोचमपाडचें श्रीरामसागर धरण आहे. त्याचा फुगवटा मागें आपल्या जिल्ह्यांत येतो, आणि बाभळीचा बंधारा त्या फुगवट्याच्या आंतच बांधलेला आहे. यावरून दोन राज्यांत तंटा माजला, व सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणें बाभळीचे दरवाजे 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. वरून गोदावरी, उजव्या अंगानें मांजरा व समोरून फुगवटा अशी कोंडी झाली म्हणजे पाणी पुढें जाण्याऐवजीं आडवें पसरतें, आणि आडव्या पाण्यास दोन फुटांचा चढउतार पुरतो. त्यांत आगगाडीचा भराव, महामार्गाचा भराव. अशा भरावांनीं पाणी कोठें तुंबतें व कोठें जोरानें फुटतें हें कांठच्या शेतकऱ्यास अनुभवानें ठाऊक असतें. परंतु त्याचा अनुभव पुरावा म्हणून कोणी लिहून घेत नाहीं.

हें कांहीं स्वप्नरंजन नव्हे. ज्या हॉलंड देशाचा पुष्कळसा भाग समुद्राच्या पातळीखालीं आहे, त्यानें गेल्या शतकाच्या अखेरीसच सर्व देशाची अशी मोजणी हातीं घेतली व नंतर ती पुन्हां पुन्हां केली. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानास 1999 च्या तुफानानें बुडविलें, तेव्हां त्यानें जुने पूर-नकाशे टाकून लेसरच्या मोजणीवर नवे केले. इतकें लांब जाण्याचेंही कारण नाहीं. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हैदराबादेस, म्हणजे नांदेडाहून रात्रीच्या गाडीनें सकाळीं पोंचावें इतक्या अंतरावर आहे. त्यानें गोदावरीच्याच खालच्या अंगास, आंध्राच्या सखल भागांत, विमानांतील लेसरनें मोजलेली उंची पुराच्या अंदाजास लावली आहे. नदी तीच. वरच्या कांठच्या लोकांनीं मात्र अजून हलगीच्या आवाजावरून अंदाज बांधावा, हें आम्हांस पटत नाहीं. 2020 पासून स्वामित्व योजनेंत आपल्या गांवठाणांवर ड्रोन फिरले, घरांच्या हद्दी मोजल्या गेल्या. गांवठाण झालें, आतां शिवाराकडे वळण्यास हरकत कोणती ?

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विमानास रस्ता दिसतो, रस्त्याखालची मोरी दिसत नाहीं. ती खालीं उतरून माणसानें मोजली नाहीं तर हिशेबांत रस्ता धरणासारखा पाणी अडवितो आणि सगळा नकाशा खोटा ठरतो. नेहमींचा लेसर पाण्यांत शिरत नाहीं, म्हणून डोहांचा तळ नावेंतून घ्यावा लागतो. उभ्या उंसांत किरण जमिनीपर्यंत फार थोडे पोंचतात. यासाठीं विमान फिरवावयाचें तर तें होळीपासून रोहिणीपर्यंत. तेव्हां रब्बी निघालेली असते, नदी आटलेली असते, रानें उघडीं पडलेलीं असतात. ऊंस तेवढा उभा सांपडेल, त्यास इलाज नाहीं.

या मोजणीचा आणखी एक उपयोग आमच्या मनास अधिक लागून राहिला आहे. एका वर्षीं पूर ओसरल्यावर आम्ही गिरदावर व तलाठी यांच्यासह एका नदीकांठच्या गांवीं पंचनाम्यास गेलों होतों. एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस आपल्या विहिरीपाशीं नेलें. विहिरीचा कठडा पूर्वीं गुडघ्याइतका होता. आतां त्याखालचें बांधकाम कमरेइतकें उघडें पडलें होतें. तेवढी माती गेली होती. "साहेब, ही खूण लिहा," तो म्हणाला. आम्ही म्हणालों, "बाबा, नमुन्यांत खोलीचा रकाना नाहीं." आणि 'अंदाजे वीस आर खरडली' असें लिहून पुढें निघालों. त्याच दिवशीं पलीकडच्या एका वजनदार माणसाच्या रानांत नुसता गाळ बसला असतां तेंही खरडलेलें म्हणून आमच्याच हातानें लिहिलें गेलें. कोणाच्या सांगण्यावरून, हें येथें सांगण्यांत अर्थ नाहीं. लेखणी आमची होती. खरडून गेलेल्या जमिनीस हेक्टरीं 47,000 रुपये व गाळ काढण्यास हेक्टरीं 18,000, असा आपत्ती निधीचा दर आहे. पुरापूर्वींची उंची एकदां नोंदलेली असेल व पुरानंतर पुन्हां मोजली जाईल तर कमरेइतकी माती गेली कीं चार बोटें गाळ आला, हें वजाबाकीनें निघेल, आणि त्या म्हाताऱ्यास कोणा कारकुनाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं.

खर्चाचा आक्षेप कोणी घेईल. त्यानें एका पुराच्या भरपाईशीं तो तोलून पाहावा. गुप्ततेचा आक्षेप आतां राहिलेला नाहीं, कारण केंद्र सरकारनें फेब्रुवारी 2021 मध्यें नकाशांवरील निर्बंध सैल करून भारतीयांस अशी सूक्ष्म मोजणी करण्यास व वापरण्यास मोकळीक दिली आहे. खरा आक्षेप निराळाच आहे व तो कोणी उघड बोलत नाहीं. नदीकांठीं निळी व लाल पूररेषा आखण्याचा नियम आपल्याकडे जुनाच आहे; पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्याची लाल. रेषा नेमकी झाली कीं तिच्या आंतील भूखंडांचे भाव पडतात. आम्हीही त्यांत आलोंच. निवृत्तीच्या पैशांतून नांदेडास गोदावरीच्या अंगास आम्ही दोन गुंठे जागा घेतली. पाणी येथवर येत नाहीं असें विकणारा म्हणाला, आणि जन्मभर कागद पाहिलेले आम्ही त्यावर विश्वासलों. 2025 च्या सप्टेंबरांत त्या जागेवर गुडघाभर पाणी होतें. नेमका नकाशा झाला तर ती निळ्या रेषेच्या आंत पडेल व तिला गिऱ्हाईक मिळणार नाहीं, हें आम्हांस दिसतें. घरांत त्यावरून बोलाचालीही झाली. परंतु आम्ही गप्प राहून ती विकली तर दुसरा कोणी पेन्शनर तेथें घर बांधील.

तेव्हां आमची मागणी अशी कीं, विष्णुपुरीपासून धर्माबादेपर्यंत गोदावरी, धनेगांवापासून खालीं मांजरा, आणि लेंडीचें खोरें, इतक्याची ही मोजणी जिल्ह्यांच्या आपत्ती-कामांत अग्रक्रमानें व्हावी. झालेला नकाशा मुंबई-पुण्याच्या कपाटांत न ठेवतां गट नंबरांवर बसवून मराठींत चावडीवर लावावा, व ग्रामसभेंत वाचून दाखवावा. पुढें दवंडींत क्युसेकबरोबर गटांचे नंबर सांगितले जावे.

तोंवर आपल्या हातचें एक काम आहे. हिशेबानें काढलेला पूर खरा कीं खोटा हें ताडण्यास प्रत्यक्ष आलेल्या पुराच्या खुणा लागतात, आणि त्या भिंतींवरून लवकर पुसल्या जातात. आम्ही आपल्या गांवांत मारुतीचा पार, शाळेची भिंत व विजेचे दोन खांब यांवर 2025 च्या पाण्याची रेघ तांबड्या रंगानें ओढून घेतली आहे. 2006 ची रेघ कोठें होती यावर दोन म्हाताऱ्यांत मतभेद आहे, म्हणून ती तूर्त खडूनें काढली आहे. सभासदांनीं आपापल्या गांवच्या खुणा पावसाळ्यापूर्वीं अशाच रंगवून घ्याव्या, व गट नंबर, तारीख आणि जमिनीपासूनची उंची लिहून ती यादी संस्थेच्या कचेरीकडे पाठवावी.