ऊन फुकट, बाकी सगळं विकत

नाताळचे दिवे उतरले की इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत तोच विषय निघतो. पुरे झालं हे ढगाळ आभाळ, स्पेनला जाऊ. स्पेन नाही तर पोर्तुगाल. ‘चॅनल फोर’वर 2000 सालापासून ‘अ प्लेस इन द सन’ हा कार्यक्रम याच इच्छेवर चालला आहे. एक जोडपं येतं, चार-पाच घरं बघतं, गच्चीत उभं राहून समुद्राकडे डोळे लावतं आणि घासाघीस करून एखाद्या घरावर बोट ठेवतं. बघणाऱ्याला वाटतं, देश बदलणं म्हणजे एवढंच.

या इच्छेबद्दल बोलणारे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, हा सगळा पोरकटपणा. उन्हासाठी कुणी देश सोडतं का? दुसरा म्हणतो, नीट चौकशी केली की झालं, आजकाल बसल्या जागी सगळी माहिती मिळते. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. इच्छा रास्त आहे, पण चौकशी भलत्याच गोष्टीची चालते.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यात घेता येतो. मे महिन्यात नागपुरात राहणाऱ्याला उन्हासाठी घर विकणारा माणूस वेडा वाटेल, हे कबूल. पण लंडनला वर्षाकाठी साधारण 1,600 तास ऊन मिळतं, अलिकान्तेला 3,000 तासांच्या आसपास. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही भरत नाही. अंधाऱ्या ऋतूत येणाऱ्या उदासीला नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये आजार म्हणून नाव दिलं, ते उगाच नव्हे. गुडघे धरलेल्या, सेवानिवृत्त माणसाला उजेडात चालावंसं वाटलं तर त्यात पोरकट काही नाही.

खरा वाद दुसऱ्या पक्षाशी आहे. ‘चौकशी केली’ असं हे लोक म्हणतात तेव्हा त्यांनी केलेलं काय असतं? तापमानाचे तक्ते पाहिलेले असतात, कॉफीचा आणि वाइनचा भाव विचारलेला असतो, मे नाहीतर सप्टेंबरात पंधरा दिवस राहून आलेले असतात. घर दाखवायला नेणारा दलाल विमानतळावर घ्यायला येतो, जेवू घालतो, निवडक गल्ल्यांतून फिरवतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीचा स्वभाव जितका कळतो, तितकाच या फेरीत देश कळतो.

पहिला गैरसमज थंडीचा. ऊन आहे म्हणजे थंडी नाही, असं धरून चालतात. युरोस्टॅटच्या 2023 च्या पाहणीत, घर पुरेसं उबदार ठेवणं परवडत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण युरोपीय संघात सर्वांत जास्त कुठे निघालं? स्पेन आणि पोर्तुगालमध्ये, दोन्हीकडे 20.8 टक्के. फिनलंड-स्वीडनमध्ये नव्हे. कारण साधं आहे. स्पेन-पोर्तुगालमधली जुनी घरं उन्हाळ्याशी लढायला बांधलेली आहेत: टाइल्सची फरशी, एकेरी काच, भिंतींत उष्णतारोधक थर नाही, मध्यवर्ती हीटिंग नाही. जानेवारीत बाहेर पंधरा अंशांचं सुरेख ऊन पडलेलं असतं आणि माणसं आत कोट घालून बसलेली असतात. कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढते, दोरीवरचे टॉवेल दोन दिवस ओलसर राहतात. साडेबारा किलोच्या नारिंगी सिलिंडरवर चालणारी शेगडी या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्यावी लागते. जुन्या स्पॅनिश घरांत गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड सोडतात, खाली शेगडी ठेवतात आणि सगळं कुटुंब पाय त्यात घालून बसतं. ज्या समाजाने असं टेबल घडवलं, त्याला हिवाळा ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? पण मे महिन्यात घर बघणाऱ्याला ते टेबल नुसतं शोभेचं वाटतं.

दुसरा गैरसमज, ‘अमका गेला, त्याला काही अडचण आली नाही’. अमका कधी गेला ते विचारावं. 31 डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ब्रिटिश पासपोर्टवर स्पेनमध्ये हवं तितकं राहण्याची सोय गेली. आता व्हिसाविना कुठल्याही 180 दिवसांत फार तर 90 दिवस. कायम राहायचं आणि नोकरी करायची नाही, तर त्या व्हिसासाठी महिन्याला 2,400 युरोंचं उत्पन्न दाखवावं लागतं. बरोबर येणाऱ्या प्रत्येकामागे आणखी 600. घर घेतलं की परवाना मिळवून देणारा स्पेनचा ‘गोल्डन व्हिसा’ एप्रिल 2025 मध्ये बंद झाला. पोर्तुगालने घरखरेदीचा तोच रस्ता 2023 मध्येच बंद केला होता, आणि निवृत्तांना भुरळ घालणारी करसवलत 2024 पासून नव्या माणसांसाठी गुंडाळली. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला प्रामाणिक असतो, पण ज्या दारातून तो आत गेला ते आता बंद आहे.

तिसरा गैरसमज स्वस्ताईचा. कॉफी स्वस्त असेल, पण तिच्यावर संसार चालत नाही. वर्षात 183 दिवसांहून जास्त स्पेनमध्ये राहिलात की तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर तिथे हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेलं आयएसए खातं स्पेनच्या लेखी करमुक्त नाही. परदेशातली मालमत्ता, कुठल्याही एका प्रकारात, 50,000 युरोंवर गेली तर वेगळं विवरणपत्र भरावं लागतं. ते चुकलं तर होणारा दंड इतका जबर होता की युरोपीय न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये तो प्रमाणाबाहेरचा ठरवला. दंड उतरला तरी विवरणपत्र भरायचं ते आहेच. वाइनचा भाव पाठ असलेल्यांतल्या कितीजणांनी हा फॉर्म पाहिलेला असतो?

पेन्शनची गोष्ट मराठी वाचकाच्याही जवळची आहे. ब्रिटनची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. एप्रिल 2023 मध्ये ती 10.1 टक्क्यांनी वाढली, पुढल्या वर्षी 8.5 टक्क्यांनी. ही वाढ अलिकान्तेतल्या म्हाताऱ्याला मिळाली. पर्थमधल्याला मिळाली नाही, कारण ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा देशांत ही पेन्शन गोठते: पहिल्या दिवशी जो आकडा, तोच शेवटपर्यंत. त्या यादीत भारतही आहे. आयुष्य ब्रिटनच्या इस्पितळांत आणि कचेऱ्यांत घालवून उतारवयात पुण्याच्या उन्हात परतणाऱ्या आपल्या माणसांनाही हाच नियम लागू. सूर्य दोन्हीकडे सारखाच तळपतो. फरक पडतो तो दोन सरकारांमधल्या करारामुळे. पण कराराची चौकशी कोण करतं?

दवाखान्याचंही तसंच. सरकारी पेन्शनच्या वयाला पोचलेल्याला ब्रिटनच्या खर्चाने स्पेनमध्ये उपचार मिळवून देणारा ‘एस 1’ नावाचा कागद असतो. पंचावन्नाव्या वर्षी लवकर निवृत्त होऊन निघालेल्याला तो त्या आधारावर मिळत नाही. त्याला खासगी विमा काढावा लागतो, आणि मधुमेह किंवा हृदयाचं दुखणं आधीपासून असेल तर विमा कंपनी आढेवेढे घेते. वर्षभर राहिल्यावर पैसे भरून सरकारी सेवेत शिरण्याची एक सोय स्पेनमध्ये आहे: पासष्टच्या आत महिना 60 युरो, त्यापुढे 157. पण आधी ते वर्ष निभवायचं असतं.

मग घर. 2008 च्या जानेवारीत आल्मेरिया प्रांतातल्या वेरा गावी एका ब्रिटिश जोडप्याचं घर सरकारी बुलडोझरने पाडलं. बांधकामाला नगरपालिकेचा परवाना होता. आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारच्या मते तो मुळात देताच येत नव्हता. आंदालुसियात असं शेतजमिनीवर उभं राहिलेलं एकच घर नव्हतं. मालकी आणि बोजा सांगणारा मालमत्ता नोंदणीचा उतारा स्पेनमध्ये दहाएक युरोंत मिळतो, तरी गच्चीवरून दिसणाऱ्या समुद्राच्या भरात तो काढायचा राहून जातो. पूरप्रवण भागाचे नकाशेही सरकारने सर्वांना खुले ठेवले आहेत. 29 ऑक्टोबर 2024 ला व्हॅलेन्सियाजवळ काही तासांच्या पावसाने दोनशेवर माणसं गेली. तीनशे दिवस उन्हाची जाहिरात करणाऱ्या किनाऱ्यावर उरलेले दिवस असेही असू शकतात.

‘एवढं सगळं खरं, पण माणूस उन्हात सुखी तर होतो ना?’ डॅनियल कानेमन आणि डेव्हिड श्केड यांनी 1998 मध्ये याच प्रश्नाचा छडा लावला. कॅलिफोर्निया आणि अमेरिकेचा थंड मध्यपश्चिम भाग, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं. कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. तुलना करताना डोळ्यांपुढे हवा असते. जगताना डोळ्यांपुढे काम, माणसं आणि पैसा असतो.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा गोंयकार देतात. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. हजारोंनी ते नोंदवलं. आल्गार्वच्या उन्हात राहण्याचा हक्क त्यांना व्हिसा, उत्पन्नाचा दाखला, काहीही न मागता मिळाला. आणि ते गेले कुठे? ब्रेक्झिटच्या आधी मोठ्या संख्येने स्विंडनला, इंग्लंडच्या ढगाखाली, गोदामांत आणि कारखान्यांत. 2024 मध्ये पोर्तुगालचं किमान वेतन महिन्याला 820 युरो होतं. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्याचं त्याच्या दुपटीहून जास्त. उन्हात वाढलेल्या माणसाने ऊन पारखून बाजूला ठेवलं आणि पगार बघितला. चौकशी असावी तर अशी.

उलट बाजूने गोव्याकडेच बघा. थंड देशांतून येऊन तिथल्या किनाऱ्यावर घर घ्यायला निघालेल्या परदेशी माणसाला पर्यटक व्हिसावर भारतात स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. कायदा तसा सरळ आहे. तरी काहींनी पैसे गुंतवले आणि मग चौकशी सुरू झाली, पण ती सरकारी यंत्रणांची.

राहिला यजमानांचा प्रश्न, जो दोन्ही पक्ष सोडून देतात. एप्रिल 2024 मध्ये कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांची तक्रार अशी की बाहेरच्यांच्या पैशाने घरांचे भाव चढले आणि इथल्या वेटरला, नर्सला खोली मिळेना. आपण जिथे स्वस्त म्हणून जातो, तिथे आपल्यामुळेच महागाई होते, ही गोष्टही चौकशीतच यायला हवी. तीस वर्षं राहूनही ज्याला शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत, त्याच्याबद्दल शेजाऱ्याने प्रेम बाळगावं ही अपेक्षा जादा आहे.

आता माझा पक्ष. जाऊ नये असं मी म्हणत नाही. जाण्याच्या बाजूने पुरावा गोळा करणं थांबवावं, एवढंच म्हणतो. चौकशी न जाण्यासाठी करावी, आणि तिच्यातून जी इच्छा तगेल तीच खरी मानावी. घर घेण्याआधी भाड्याने राहावं, तेही जानेवारी-फेब्रुवारीत आणि ऑगस्टात, जेव्हा आंदालुसियाच्या आतल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो. वकील आणि कर सल्लागार आपण पैसे देऊन नेमलेला असावा. विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. गेलेल्यांपेक्षा परत आलेल्यांना शोधून बोलावं, कारण विकणारा त्यांची गाठ कधीच घालून देत नाही. भाषेचा वर्ग निघण्यापूर्वी लावावा. इंग्लंडातलं घर लगेच विकू नये. आणि नवरा-बायकोंनी समोरासमोर बसून एक प्रश्न स्वच्छ विचारावा: आपल्यातलं एक गेलं, तर दुसरं तिथे राहील का? डोंगरउतारावरच्या वसाहतीत बस जात नाही. दुकान, दवाखाना, फार्मसी, सगळं गाडीने. गाडी चालवणारा आणि स्पॅनिश बोलणारा एकच असेल, तर तो गेल्यावर मागे उरलेल्याला ते ऊन काय कामाचं?

यावर म्हणतील, इतका विचार केला तर कुणी जाणारच नाही. का नाही? अशी चौकशी करून गेलेली माणसं समुद्राच्या देखाव्याऐवजी गावातला, बाजारापासून चालत जाण्याजोगा फ्लॅट घेतात, फॉर्म वेळेवर भरतात, हिवाळ्यासाठी हीटरची तरतूद करतात आणि सुखाने राहतात. त्यांच्यावर टीव्हीचा कार्यक्रम निघत नाही इतकंच. आणि जे चौकशीअंती घरीच थांबतात, त्यांनी वर्षातले तीन महिने भाड्याचं ऊन घ्यावं. त्याला 90 दिवसांचा नियमही आड येत नाही. पण ज्याला फेब्रुवारीतलं घर, पेन्शनवरचा कर आणि एकट्या उरलेल्या जोडीदाराची बस, या तिन्हींचं उत्तर देता येत नाही, त्याने इसार देऊ नये.