हलकी गाडी, भारी काम

रूममेटने भिंतीवर लोटस एलिस चिकटवलीय. 1996 चं मॉडेल, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, ताकद 118 अश्वशक्ती. "अशी गाडी रोज वापरायला पाहिजे यार!" हे त्याचं रोजचंच.

मित्रांनो, मी वापरतो! काकांची आरएक्स 100. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.) 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन साधारण शंभर किलो. टनामागे हिशेब केला तर एलिस 163, आपली 110. फार मागे नाही! पण माझे साठ किलो धरले की एलिस 150 वर राहते आणि आपली थेट 69 वर. मागे रूममेट बसला की तर विचारूच नका.

रोज कॉलेज, मेस, क्लास, शनिवारी राहुरी. सकाळी चार किका, टू-टी ऑइलचा धूर, रेक्टरसरांची ओरड... हे सगळं चालतं. खरी परीक्षा गळीत हंगामात. अंधारात मनमाड रोडला उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पिकअप झकास, पण ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमच. गेल्या नोव्हेंबरात उसापासून हातभर अंतरावर थांबलो. हेल्मेट कुठे होतं? हँडलला!

आता पोरं म्हणतात, आरसे-मडगार्ड काढ, अजून हलकी होईल. मला साफ नामंजूर. आरशांचं वजन ते किती? कमी करायचंच तर रूममेटला उतरवतो. तोपर्यंत हेल्मेट दोन, आणि घरचा डबा त्याने मांडीवर धरायचा.