साठ कोटी प्रतींचा ताळेबंद

विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकांपैकी कोणाची पुस्तके सर्वाधिक खपली, याच्या याद्या वरचेवर प्रसिद्ध होत असतात. जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेसमोर ६० कोटींहून अधिक प्रती असा आकडा असतो. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’समोर १५ कोटी आणि त्यांच्याच ‘द हॉबिट’समोर १० कोटी लिहिलेले असतात. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेसमोर ९ कोटींच्या आसपास, तर फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’समोर सुमारे २ कोटी. तरुण वाचक या आकड्यांवरून हिरिरीने वाद घालतात आणि आपापल्या आवडत्या लेखकाचा क्रमांक वर सरकवू पाहतात. ज्याने एकदा तरी ताळेबंद तपासला आहे, त्याला मात्र आधी वेगळाच प्रश्न सुचतो. या आकड्यांखाली सही कोणाची?

सही बहुधा प्रकाशकाची असते आणि प्रकाशक हा या व्यवहारातील विक्रेता आहे. आपल्या मालाचा खप त्याने कमी करून सांगावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याने खोटे सांगितले असे म्हणण्याचेही कारण नाही. अडचण आहे ती ‘खप’ या शब्दात. छापलेल्या प्रती, दुकानात पोहोचलेल्या प्रती आणि ग्राहकाने पैसे मोजून घरी नेलेल्या प्रती, या तीन वेगवेगळ्या संख्या आहेत. इंग्लंड-अमेरिकेत न विकलेली पुस्तके दुकानदार परत पाठवू शकतो व त्यांची रक्कम त्याच्या खात्यावर पुन्हा जमा होते. स्वस्त पेपरबॅकच्या बाबतीत तर परतीचे वाहतूकभाडेही परवडत नाही. तेथे केवळ मुखपृष्ठ फाडून पुरावा म्हणून पाठवतात आणि उरलेले पुस्तक रद्दीत जाते. या परतीच्या भीतीने प्रकाशक लेखकाच्या रॉयल्टीतील काही भाग राखून ठेवतो. बुडीत व संशयित येण्यांसाठी बँक जी तरतूद करते, तिचेच हे भावंड होय.

पुस्तकावरचा ‘आयएसबीएन’ क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७० मध्ये स्वीकारला गेला. दुकानाच्या गल्ल्यावर झालेली प्रत्यक्ष विक्री मोजणारी ‘नील्सन बुकस्कॅन’ ही सेवा अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झाली. म्हणजे टॉल्किन, हर्बर्ट किंवा आयझॅक असिमॉव्ह यांच्या पुस्तकांची पहिली काही दशके केवळ प्रकाशकांच्या खतावण्यांतच नोंदलेली आहेत. भाषांतरांच्या खतावण्या तर देशोदेशी विखुरलेल्या. १५ कोटी किंवा १० कोटी असे गोल आकडे येतात ते त्यामुळेच. खऱ्या वहीखात्यात गोल आकडा क्वचितच निघतो.

तरीही हे आकडे टाकून देण्यासारखे नाहीत. ते अंदाज म्हणून वापरावेत, पण भाजक कोणता ते आधी ठरवावे. ‘हॅरी पॉटर’चे भाग सात. ६० कोटींना सातने भागले, तर प्रत्येक भागाच्या वाट्याला सुमारे साडेआठ कोटी येतात. ‘द हॉबिट’ हे एकच पुस्तक आणि त्याचे १० कोटी. ‘द व्हील ऑफ टाइम’चे १४ भाग आणि एक पूर्वकथा मिळून १५ पुस्तके, तेथे सरासरी ६० लाखांची पडते. ‘ड्यून’चे २ कोटी हे मुख्यतः एका पुस्तकाचे मानले जातात. मालिकेची बेरीज पाहिली तर जॉर्डन हर्बर्टच्या कितीतरी पुढे आहेत. एका पुस्तकाचा हिशेब केला तर हर्बर्ट तिपटीने पुढे जातात. जॉर्डन यांच्या मालिकेत आणखी एक गुंता आहे. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांवरून पूर्ण केले. ते कोणाच्या खात्यात धरायचे? संयुक्त खाते म्हणावे, तर यादीत तसा रकानाच नसतो.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तर याहून विचित्र आहे. लेखकाच्या मते ती एकच कादंबरी. युद्धोत्तर काळातील कागदाच्या किमतींमुळे प्रकाशकाने ती १९५४ व १९५५ मध्ये तीन खंडांत काढली. तीन खंड विकत घेणारा वाचक एक मोजावा की तीन, हे १५ कोटींच्या आकड्याशेजारी कोणी लिहीत नाही.

या पुस्तकामागचा करार मात्र खपाच्या आकड्याहून अधिक बोलका आहे. लंडनच्या ‘जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन’ने २१ सप्टेंबर १९३७ रोजी ‘द हॉबिट’ प्रसिद्ध केले, ते १५०० प्रतींचे. मराठीत साधारण हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती धरतात. त्या मानाने हा आकडा काही फार मोठा नव्हे. हस्तलिखितावर अभिप्राय दिला तो प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्या दहा वर्षांच्या मुलाने, रेनरने, आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. नाताळापूर्वीच आवृत्ती संपली. पुढचे पुस्तक लवकर यावे ही प्रकाशकाची इच्छा, पण ते यायला सतरा वर्षे लागली. तोवर रेनर वडिलांच्या पेढीत काम करू लागला होता. एक हजारांहून अधिक पानांचे, मुलांचे म्हणावे तर मुलांचे नव्हे आणि मोठ्यांचे म्हणावे तर मोठ्यांनी वाचावे कसे, असे हे बाड त्याने पाहिले आणि खर्चाचा अंदाज काढला. या पुस्तकात हजार पौंड बुडू शकतात, असे त्याने वडिलांना कळवले. पुस्तक असामान्य प्रतिभेचे आहे अशी खात्री असेल तर हजार पौंड बुडाले तरी हरकत नाही, अशा आशयाचे उत्तर आले.

मग करार झाला तो असा : आगाऊ रक्कम नाही. नेहमीची छापील किमतीवरची टक्केवारीही नाही. छपाई व इतर खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काहीही मिळणार नाही. त्यानंतरचा नफा दोघांत निम्मा-निम्मा. तोटा झाला, तर तो सर्वस्वी पेढीचा. व्यापारी घरातील वाचकाला या कराराचे मर्म सांगावे लागणार नाही. भांडवल एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे, अशी ही भागीदारी होती. प्रकाशकाने ती केली आपला तत्काळ खर्च कमी राहावा म्हणून. लेखकाला तिच्यात धोका होता तो हा, की बारा-तेरा वर्षांच्या लेखनाचा मोबदला शून्य ठरू शकत होता. घडले उलटेच. १९५६ च्या आरंभी टॉल्किन यांना पहिला हिस्सा मिळाला तो साडेतीन हजार पौंडांहून अधिक, म्हणजे ऑक्सफर्डमधील त्यांच्या प्राध्यापकीच्या वार्षिक वेतनापेक्षाही जास्त. दहा-पंधरा टक्क्यांची नेहमीची रॉयल्टी मागितली असती, तर तेवढ्याच प्रतींवर त्यांना पुढे कितीतरी कमी मिळाले असते. ज्याने धोका पत्करला त्याला त्याचे फळ मिळाले. या कराराचा विचार केला की वाटते, खपाच्या याद्यांत ‘प्रती’ या रकान्याशेजारी ‘कराराचा प्रकार’ हा रकानाही असावयास हवा.

खप आणि प्राप्ती यांत अंतर कसे पडते, हे त्याच पुस्तकाने १९६५ मध्ये अमेरिकेत दाखवले. इंग्लंडमध्ये छापलेली पाने अमेरिकेत आणून बांधण्यावर तेथील कायद्याची मर्यादा होती आणि टॉल्किन यांच्या अमेरिकन प्रकाशकाने ती ओलांडली होती. त्यामुळे अमेरिकेत या पुस्तकाला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, असा अर्थ ‘एस बुक्स’ या संस्थेने काढला आणि प्रत्येकी ७५ सेंटला पेपरबॅक बाजारात आणले. लेखकाला एक छदामही नाही. त्या वर्षी या आवृत्तीच्या सुमारे एक लाख प्रती गेल्या. ‘बॅलंटाइन’ची अधिकृत आवृत्ती आली ती ९५ सेंटला. वीस सेंट महाग वस्तू कोण घेणार? टॉल्किन यांनी अमेरिकन वाचकांना पाठवलेल्या पत्रोत्तरांत अनधिकृत आवृत्तीबद्दल लिहावयास सुरुवात केली. अधिकृत आवृत्तीच्या मलपृष्ठावर, जिवंत लेखकांविषयी सौजन्य बाळगणाऱ्यांनी हीच प्रत घ्यावी, अशा अर्थाचे त्यांचे निवेदन छापले गेले. वाचकांनी ते मानले. अधिकृत आवृत्ती लवकरच दहा लाखांवर गेली. अखेरीस ‘एस’ने विकलेल्या प्रतींचे मानधन देण्याचे आणि पुन्हा न छापण्याचे कबूल केले. स्वामित्वहक्क वैध होता, असा निर्णय अमेरिकन न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. तोपर्यंत लेखकाच्या निधनाला एकोणीस वर्षे होऊन गेली होती. १९६५ मध्ये कायदा संदिग्ध असताना न्याय केला तो वीस सेंट जास्त देणाऱ्या विद्यार्थ्यांनी. एकूण १५ कोटींच्या बेरजेत मात्र बिनमोबदल्याच्या त्या लाखभर प्रती धरल्या आहेत की वगळल्या आहेत, हे कळण्यास मार्ग नाही.

असिमॉव्ह यांच्या नशिबी असे सजग वाचक आले नाहीत. त्यांच्या ‘फाउंडेशन’ कथामालेची पुस्तके १९५१ ते १९५३ या काळात ‘नोम प्रेस’ या छोट्या संस्थेने काढली. रॉयल्टी वेळेवर मिळत नसे व पुष्कळदा मुळीच मिळत नसे, ही तक्रार त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे. १९६१ मध्ये ‘डबलडे’ने हक्क घेतले तेव्हा या पुस्तकांतून खरे उत्पन्न सुरू झाले. त्यानंतरही विक्रीच्या अग्रक्रमाच्या यादीत त्यांचे नाव प्रथम झळकले ते १९८२ मध्ये, अडीचशेहून अधिक पुस्तके लिहून झाल्यावर. त्यांच्या पुस्तकांची एकूण संख्या पाचशेच्या घरात जाते. त्यांतील बरीचशी पुस्तके रसायनशास्त्र, इतिहास, बायबल, शेक्सपियर अशा विषयांवरची. त्यांना विज्ञानकथालेखकांच्या यादीत बसवून खपाचा एकच आकडा देणे म्हणजे चालू खाते आणि मुदतठेव यांची शिल्लक एकत्र लिहिणे.

‘आजीवन विक्री’ या शब्दप्रयोगातील ‘आजीवन’ कोणाचे, लेखकाचे की पुस्तकाचे, हाही प्रश्न आहेच. रोलिंग यांचे पहिले पुस्तक बारा प्रकाशकांनी नाकारले. जून १९९७ मध्ये ‘ब्लूम्सबरी’ने त्याच्या पक्क्या बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती काढल्या. २१ जुलै २००७ रोजी सातवा भाग आला, तेव्हा चोवीस तासांत अमेरिकेत ८३ लाख आणि ब्रिटनमध्ये २६ लाखांहून अधिक प्रती संपल्या. दहा वर्षांत हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. हर्बर्ट यांचे ‘ड्यून’ वीसहून अधिक प्रकाशकांनी परत केले. शेवटी १९६५ मध्ये ते छापले ‘चिल्टन’ने, जी संस्था मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखली जाई. पुस्तक हळूहळू चढत गेले आणि हर्बर्ट यांना त्याचे यश बघता आले. फिलिप के. डिक यांचे आयुष्य मात्र बहुतांशी पैशाच्या ओढाताणीत गेले. त्यांच्या कादंबरीवरील ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. डिक २ मार्च रोजीच गेले होते. नंतरच्या वर्षांत त्यांच्या पुस्तकांच्या ज्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, त्या यादीत त्यांच्याच नावावर जमा आहेत.

अलीकडचे एक उदाहरण याच्या नेमके उलट आहे. सँडरसन यांनी मार्च २०२२ मध्ये चार नव्या कादंबऱ्या प्रकाशकाला मध्ये न घेता थेट वाचकांपुढे मांडल्या. १ लाख ८५ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर आगाऊ भरले. येथे आगाऊ रक्कम लेखकाला दिली ती वाचकांनी. साठ कोटींपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण वाचकांची संख्या आणि जमा झालेली रक्कम या दोन्हींची नोंद कोणालाही पाहता येते. वरच्या सगळ्या आकड्यांत लेखापरीक्षकाचे समाधान करील असा बहुधा हाच.

राहता राहिला वाचनालयांचा हिशेब. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने मालिकेचा पहिला भाग मराठीत आला आहे. एखाद्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातील त्याची प्रत पन्नास मुलांनी वाचली असली, कोपरे झिजून तिला दुसऱ्यांदा बांधणी करावी लागली असली, तरी विक्रीच्या बेरजेत ती एकच. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने याची दखल घेतली गेली. सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक किती वेळा नेले जाते याची काही निवडक ग्रंथालयांतून मोजणी होते आणि त्या प्रमाणात सरकारी निधीतून लेखकाला पैसे मिळतात. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड, ही मर्यादा आहे. निधी ठरलेला असल्यामुळे लोकप्रिय लेखकांच्या पुस्तकांची कितीही मागणी झाली, तरी त्यापुढची रक्कम कमी खपाच्या लेखकांत वाटली जाते. भारतात अशी योजना अद्याप नाही.